रेवसकाकूची ड्रेजरी

रेवसकाकूच्या कानावर नवा शब्द पडला की वापरून बघितल्याशिवाय ती त्याला सोडत नसे. शब्द बरोबर आहे की चूक, याची तिला फिकीर नव्हती. कामाला येतो का, एवढंच ती बघायची. लाँचवरच्या खलाशांच्या तोंडचे अर्धेअधिक शब्द ती सासरी घेऊन आली होती. भाकरी थापताना मी घाई केली की म्हणायची, "बेबी, हाफ स्पीड! धक्का जवळ आलाय." एकदा माझ्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, "बोललीस ते मागे घे" असं तिला बजावलं, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मामंजी, या बोटीला रिव्हर्स नाही." आत माझ्या आईने तोंडात पदर कोंबला. रिव्हर्स म्हणजे काय हे आप्पांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्या दिवशी निभावलं.

तिचं नाव शालिनी. माझ्या धाकट्या काकांची, नानाकाकांची बायको. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी लग्न होऊन ती चौलला आमच्या घरी आली. तिचे वडील रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देणारे कारकून. आई तिच्या लहानपणीच गेलेली. इंजिनाच्या वर आवाज चढवल्याशिवाय धक्क्यावर कुणाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे काकूचा आवाज कायमचाच वरच्या पट्टीत राहिला होता. आमच्या घरातल्या बायकांचा आवाज माजघराबाहेर जात नसे. हिचा फाटकापर्यंत जायचा आणि रस्त्यावरून कुणाचं तरी उत्तर घेऊन परत यायचा. आप्पा तिला 'रेवसकरीण' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं. आम्ही मुलांनी त्याचंच 'रेवसकाकू' केलं आणि तिने ते नाव खुशाल मिरवलं.

आमची नारळ-पोफळीची वाडी, घराच्या मागे विहीर. झाडांच्या पाण्यासाठी विहिरीवर बैलाचा रहाट होता. पवळ्या नावाचा बैल डोळ्यांना झापड बांधून गोल फिरायचा आणि पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत जायचं. घरातल्या पाण्यासाठी सुना होत्या. आई आणि काकू दोर-कळशीने पाणी ओढत. त्यातही आप्पांचं पाणी वेगळं. त्यांच्या पूजेचं, पिण्याचं, त्यांचं अन्न शिजायचं ते, असं सगळं पाणी सोवळ्यात, म्हणजे अंघोळ करून ओल्या लुगड्यानिशी ओढलेलं लागे. मधे कुणाचा स्पर्श झाला की कळशी ओतायची, पुन्हा अंघोळ, पुन्हा दोर. पावसाळा असो, थंडी असो, अंगात ताप असो. आईच्या आणि काकूच्या तळहातांवर एकाच ठिकाणी घट्टे होते. लहानपणी मला वाटायचं, लग्न झालं की बायकांना ते आपोआप येतात.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास वाडीत तेलावर चालणारं इंजिन आलं. रेवदंड्याच्या कासमभाई मिस्त्रींनी ते बसवलं. विहिरीच्या कडेला सिमेंटची उंच टाकी बांधली. इंजिनाने टाकी भरायची आणि टाकीतलं पाणी पाटांत सोडायचं. पहिल्या दिवशी अर्धं गाव वाडीत लोटलं. नानाकाका मुंबईला एका कचेरीत होते, शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून घरी यायचे. कचेरीतला इंग्रजी पत्रव्यवहार त्यांच्याकडे असल्यामुळे गावात कुठेही भाषण करायचं तर तेच करत. पवळ्याच्या गळ्यात हार पडला, नारळ फुटला आणि नानाकाका म्हणाले, "मंडळी, देश स्वतंत्र झाला, आणि आज आमच्या या पवळ्याचीही ड्रजरी संपली!"

टाळ्या पडल्या. काकू विहिरीच्या पलीकडच्या बाजूला ओल्या लुगड्यात दोर धरून उभी होती. समारंभ असला म्हणून आप्पांचं पाणी थांबत नव्हतं. तिने तिथूनच हाक दिली.

"अहो, पवळ्याची काय संपली म्हणालात?"

नानाकाका गडबडले. बायकोने चारचौघांत हाक मारायची पद्धत नव्हती. पण इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारलेला, तो न सांगणंही बरं दिसेना. "ड्रजरी. म्हणजे कष्टाचं काम. रोज तेच तेच, कंटाळवाणं, कधी न संपणारं."

"म्हणजे ड्रेजरी! ड्रेजरची!" काकूला एकदम ओळख पटली. "आमच्या रेवसच्या खाडीत तो ड्रेजर येऊन उभा असतो ना, तो हेच करतो. ओहोटीला गाळ काढायचा, भरतीला गाळ परत यायचा, की पुन्हा काढायचा."

"अगं, तो ड्रेजर वेगळा. हा शब्द वेगळा. स्पेलिंग वेगळं आहे."

"स्पेलिंग वेगळं असेल. गाळ तोच." कळशी वर आली होती, ती तिने काठावर टेकवली. "बरं, पवळ्याची संपली. माझी कधी संपणार?"

लोक हसले. नानाकाकाही हसले, कारण लोक हसत होते. काकू हसली नाही. तिने कळशी उचलली आणि आत गेली. पाठीमागे इंजिन धडधडायला लागलं.

त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात रुळला, तोही तिच्याच उच्चारात. पण काकू तो कुठेही फेकत नसे. तिचे नेम होते. प्रत्येक जड काम ड्रेजरी नव्हे. भातलावणीला कंबर मोडते, पण ती ड्रेजरी नाही, कारण शेवटी भात दिसतो. बाळंतपण नाही. पापड लाटणं नाही, कारण तिथे चार बायका असतात आणि पाचवीबद्दल बोलता येतं. कंदिलाच्या काचा पुसणं मात्र ड्रेजरी. रात्रीतून पुन्हा काळ्या होणारच. चूल सारवणं ड्रेजरी. सुपारी सोलणं अर्धी ड्रेजरी. का अर्धी, असं विचारल्यावर म्हणाली, "सोलणं नाही गं, पण सोलून झाल्यावर पुरुष येतात आणि म्हणतात, एवढीच झाली का, ते."

एकदा आईने तिला समजावलं, "शालू, यासाठी इंग्रजी शब्द कशाला हवा? आपल्यात हमाली म्हणतात, वेठ म्हणतात."

"हमालाला मजुरी मिळते, वहिनी. वेठ धरणारा परका असतो, त्याला मनातल्या मनात शिव्या घालता येतात. आपल्याला वाढून वर 'जेवलात का पोटभर' असं विचारायचं असतं. याला आपल्यात शब्दच नाही."

"आहे की," आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. "सून."

आईच्या तोंडून इतकं तिखट मी तोवर ऐकलं नव्हतं. काकूने आनंदाने तिच्या पाठीवर थाप मारली. आई सोवळ्यात होती. तिला पुन्हा अंघोळ करावी लागली.

मी तेव्हा हायस्कुलात जात होते. इंग्रजीच्या पेपरात एका वाक्यात हा शब्द घालायची संधी आली आणि मी तो काकूच्या ड्रेजरवरून बेतून लिहिला. मास्तरांनी त्यावर तांबडी काट मारली आणि वर्गासमोर विचारलं, "हे कुठल्या डिक्शनरीत सापडलं?" घरी येऊन मी काकूवर चिडले. ती ताक घुसळत होती. रवी न थांबवता म्हणाली, "मास्तरांच्या घरी पाणी कोण भरतं?"

"मला काय माहीत?"

"मग आधी ते विचारून ये. मार्कांचं मग बघू."

मी अर्थातच विचारलं नाही. परीक्षेत बरोबर स्पेलिंग लिहू लागले आणि घरी बोलताना तिचाच शब्द वापरत राहिले. अजूनही तेच करते.

आता नळाचं. इंजिनाची टाकी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती. तिथून एक नळी काढून मोरीत नळ बसवणं हे कासमभाईंचं अर्ध्या दिवसाचं काम. माड टाकीच्या पाण्याने भिजत होते, पोफळी भिजत होत्या, अळूच्या पानांवरसुद्धा पाणी उडत होतं आणि त्यांच्या मधून दोघी सुना दोराने पाणी ओढून नेत होत्या. काकूने नळाचा विषय काढला. आप्पा म्हणाले, इंजिनाच्या नळीच्या झडपेला चामडं असतं. चामड्यावरून आलेलं पाणी देवाला आणि सोवळ्याला चालत नाही.

"पण मामंजी, ती नळी तर विहिरीतच सोडलीय. चामडं आपल्या विहिरीतच बुडलंय की."

"विहिरीला झरे आहेत. वाहत्या पाण्याला दोष नाही. नळीत कोंडलेल्या पाण्याला दोष आहे."

काकू सरळ कासमभाईंकडे गेली. ते इंजिनाला तेल घालत होते. "भाई, ते चामडं काढता येईल का?"

"येईल की काकी. रबर टाकतो. चामड्यापेक्षा जास्त टिकेल."

दोघंही आप्पांसमोर उभे राहिले. आप्पांनी विचारलं, "रबर कशाचं असतं?"

"झाडाचा चीक असतो आप्पासाब. आपल्या फणसाचा असतो तसाच."

"कुठलं झाड?"

कासमभाई प्रामाणिक माणूस. "मलायाकडचं," म्हणाले.

"म्हणजे समुद्र ओलांडून आलेला चीक," आप्पा म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.

बाहेर आल्यावर कासमभाई हळूच म्हणाले, "काकी, मी अलिबागचं म्हणायला पाहिजे होतं काय?" काकू म्हणाली, "तर अलिबागच्या रबराला दुसरं काही निघालं असतं. अडचण रबराची नाही, भाई. आयतं पाणी येतंय, तर नळीची काळजी कोण करतो?"

तिला काय हवं होतं ते साऱ्या घराला कळलं होतं. तिला मोरीत नळ हवा होता. आणि तो मागून मिळणार नाही हेही तिला कळलं होतं.

पुढच्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला सकाळी आप्पा ओटीवर पूजेची तयारी करत होते. आरतीसाठी शेजारपाजारची माणसं जमायला लागली होती. तेवढ्यात फाटकातून काकू आली. ओच्यात दोन नारळ.

"हे कुठून?" आप्पांनी विचारलं.

"यमुनाबाईंकडून मागून आणले. मोदकांच्या सारणाला."

यमुनाबाई आमच्या शेजारच्या वाडीतल्या. आमच्या पडवीत नारळांची रास छताला भिडलेली होती, आणि आमची सून शेजारी नारळ मागून आली होती. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आपल्या माडांना काय झालं?"

"माडांना काही नाही झालं, मामंजी. त्यांच्या पाण्याला झालंय. वर्षभर इंजिनाचं चामड्याचं पाणी प्यायलेत ते. ते पाणी देवाला चालत नाही, तर त्या पाण्याचा नारळ कसा चालेल? यमुनाबाईंकडे अजून बैलाचा रहाट आहे. त्यांचे नारळ सोवळे."

"आत्ता पावसाळा आहे. इंजिन बंद आहे."

"उन्हाळाभर प्यायले, ते पाणी कुठे गेलं?"

आरतीला आलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. हसू दाबल्याचा तो खोकला सगळ्यांनाच ओळखू आला. आप्पा उठून उभे राहिले. आमच्या वाडीचे नारळ गावातल्या देवळांत जात, लग्नांत जात, आणि सोवळ्याओवळ्याचा निवाडा करायला लोक आप्पांकडेच येत. काकूने जे विचारलं त्याचं उत्तर नारळ वाईट असं दिलं तर वाडी बुडाली, पाणी चांगलं असं दिलं तर शब्द बुडाला. ते दोन्ही म्हणाले नाहीत. म्हणाले, "रेवसकरणी, उद्याच्या एसटीने माहेरी जायचं. मी बोलावीपर्यंत यायचं नाही."

गमतीचा खेळ इथे संपला होता. त्या काळी सासऱ्याने सणाच्या दिवशी चारचौघांत माहेरी घालवलेली बाई परत येतेच असं नव्हतं. नानाकाका ओटीवरच होते. त्यांनी आप्पांकडे बघितलं, काकूकडे बघितलं, आणि समईची वात सारखी करायला घेतली.

काकूचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला. "जाते," ती म्हणाली. "तिथेही नळ नाही. पण तिथलं पाणी माझे वडील भरतात."

आप्पा आईकडे वळले. "थोरल्या सूनबाई, तुम्ही सांगा हिला चार शब्द. मोदकांना आपले नारळ फोडा म्हणावं."

आई दाराआड उभी होती. तिची बोटं पदराशी चाळा करत होती, ते मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "सारणाला मी यमुनाबाईंचेच घेते, मामंजी. आणि शालू गेली तर पाणी एकटीच्याने व्हायचं नाही. मलाही जावं लागेल."

आईला माहेर उरलंच नव्हतं. आजोळचं घर कधीच विकलं गेलं होतं, हे आप्पांसकट सगळ्यांना माहीत होतं. जाणार कुठे, असं कुणीही विचारू शकलं असतं. कुणी विचारलं नाही.

आरती झाली. यमुनाबाईंच्या नारळांचे मोदक झाले. आप्पा जेवले. हात धुताना कुणाकडेही न बघता म्हणाले, "मिस्त्रीला निरोप द्या. नळ घ्या. माझं पाणी मी ओढीन."

त्यांनी ते केलंही, हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून आप्पा ओल्या पंच्याने विहिरीवर उभे राहून स्वतःची कळशी स्वतः ओढत. कुणाला हात लावू देत नसत. पहिल्या आठवड्यात त्यांचे तळहात सोलवटले. काकूने खोबरेल तेलाची वाटी विहिरीच्या काठावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "घट्टे पडेपर्यंत दुखतं. मग नाही." तिला टोमणा मारायचा होता की उपाय सांगायचा होता, हे मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी तेल लावलं.

काकू गेली त्याला आता काही वर्षं झाली. भेटायला आलेल्या बायका तिच्या नारळांची गोष्ट सांगून हसत होत्या. गावात तीच गोष्ट पसरली. मला मात्र तिची आठवण निघाली की त्यानंतरची एक गोष्ट आठवते. ती कुणी सांगत नाही, कारण ती बघायला आम्ही घरचेच होतो.

एकसष्ट-बासष्टच्या हिवाळ्यात आप्पा आजारी पडले. अंथरुणातून उठवेना. नळाचं पाणी पिणार नाही, म्हणाले. माझे वडील दूर बदलीच्या गावी होते, नानाकाका रजा घेऊन आले होते. ते विहिरीकडे बघत काकूला म्हणाले, "अगं, आता एवढ्यापुरतं तू सोवळ्याचं..."

काकूने खुंटीवरचा दोर काढला आणि त्यांच्या हातात दिला. "तुमचे वडील आहेत."

नानाकाका ओल्या पंच्याने विहिरीवर उभे राहिले. आप्पांची खाट खिडकीशी होती आणि खिडकी विहिरीकडे. कप्पी कुरकुरायची, थांबायची, पुन्हा कुरकुरायची. अर्ध्यातून कळशी सुटून खाली गेली की आप्पांना आवाज यायचा. आमच्या घरातल्या मांजराचा धक्का लागला म्हणून एक कळशी ओतावी लागली, आणि नानाकाका थंडीत कुडकुडत दुसऱ्यांदा अंघोळीला गेले, तेही आप्पांनी बघितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नानाकाकांच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. आप्पांनी खिडकीतून हाक मारली. "पुरे. पुरे झालं. त्याला किती ओढायला लावाल? नळाचं आणा."

काकूने नळाखाली फुलपात्र भरलं आणि ती खाटेपाशी गेली. मी आप्पांच्या पाठीला हात देऊन त्यांना बसतं केलं होतं.

"नळाचं चालेल ना?"

"चालेल."

आप्पा ते सगळं पाणी सावकाश प्यायले. काकूने फुलपात्र परत घेतलं, पण ती जागची हलली नाही.

"मामंजी, मुलाने चार दिवस ओढलं तर तुम्हांला बघवलं नाही. आम्ही दोघींनी इतकी वर्षं ओढलं. ते कसं बघवलं?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आप्पांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड वळवलं. नानाकाका दारात उभे होते, ते म्हणाले, "अगं, आजारी माणूस आहे. आत्ता राहू दे."

"राहू दे," काकू म्हणाली. तिने आप्पांच्या अंगावरची चादर नीट केली. "दमलेत. उद्या विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळाचं पाणी घेऊन गेली आणि तिने विचारलं.